नामा मैलकुलीचा रस्ता

जासईच्या नामा घरतला कोणी हुद्दा विचारला तर तो 'मैलकुली' म्हणून सांगायचा, आणि ऐकणाऱ्याच्या काही लक्षात आलं नाही तर हातातलं फावडं दाखवायचा. बंदरापासून पळस्प्याला जाणाऱ्या महामार्गाचा एक तुकडा, जासईच्या मोरीपासून गव्हाण फाट्यापर्यंतचा, त्याच्या स्वाधीन होता. खड्डा पडला की खडी-डांबर टाकून धुम्मसने ठोकायचा, साइडपट्टीवरचं गवत काढायचं, मोऱ्या साफ ठेवायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, आणि वर्षातून एकदा किलोमीटरचे दगड रंगवायचे. माथा पिवळा, अंग पांढरं. आकडे मात्र पनवेलचा पेंटर येऊन लिहायचा. नामाचा हात त्यात चालत नसे.

याच रस्त्याखाली त्याची पावणेदोन एकर भातजमीन गेली होती. बंदर आलं, बंदराला रस्ता लागला, आणि रस्त्याला नामाचं शेत. आधी तो त्याच कामावर रोजंदारीने लागला, मग एकोणनव्वद साली खात्यात कायम झाला. कधी काम करता करता मुकादमाला थांबवून म्हणायचा, "तुमी उभं हाव ना, तिथं माजा बांद व्हता. त्याच्या खाली चिंबोऱ्यांची बिलं." मुकादम हसायचा. नामा पुन्हा फावडं उचलायचा. गेलेल्या जमिनीचा राग त्याने रस्त्यावर कधी काढला नाही. उलट जुन्या शेताला जपावं तसा तो रस्त्याला जपायचा.

गाड्यांच्या पाट्या वाचून त्याला मुलूख कळत. टीएन मद्रासकडची, केए कानडी, पीबी पंजाबी, आरजे मारवाडातली. बंदरातून सुटलेले कंटेनर पळस्प्याला पोचत. तिथून कोणी चार नंबरच्या रस्त्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव करत मद्रासपर्यंत जाई, कोणी सतरा नंबरने पेण-महाडवरून गोव्याला, मंगळूरला उतरे, कोणी ठाण्याकडून तीन नंबर धरून नाशिक, इंदूर, आग्रा गाठे. हे सगळं त्याला ड्रायव्हरांनी सांगितलेलं. टायर बदलायला, रेडिएटरमध्ये पाणी घालायला कोणी थांबलं की नामा फावडं टेकवून उभा राहायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "कुठशी आलाव?" त्याची स्वतःची मजल एकवीरेचं कार्ला आणि खंडोबाची जेजुरी यांच्या पुढे गेलेली नव्हती.

आणि त्या तुकड्यावर त्याने माणसं मरताना पाहिली होती. अपघात झाला की पहिला पोचणारा बहुतेक वेळा तोच. लाल झेंडी रोवायची, जखमी माणसाचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि मदत येईपर्यंत काहीबाही बोलत राहायचं. त्या माणसाला नामाची बोली कळत नसे, नामाला त्याची. तरी तो बोलत राही. मग माणूस नेल्यावर डांबरावरच्या तेलावर आणि रक्तावर वाळू पसरायची, आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून काढायची. पाच वर्षांत अशी सतरा माणसं त्याच्यासमोर गेली. घरी येऊन तो त्यांच्याबद्दल काही सांगत नसे. त्या दिवशी फक्त न जेवता ओटीवर बसून राही, आणि त्याची बायको गोजरा काय ते समजून जाई.

दोघांना एकच मुलगा, दिपेश. दहावी झाला, पनवेलला जाऊन मोटार मेकॅनिकचं शिकला. हातात कसब होतं, जिभेवर साखर. बंदरात कुठेतरी चिकटेल अशी नामाची आशा होती. पण चौऱ्याण्णवच्या मार्गशीर्षात, जेवायला बसल्या बसल्या, दिपेशने विषय काढला.

"बाबा, माजं लायसन आलं. करीमशेठनं बोलवलंय. मद्रासची लाइन हाय."

करीमशेठ तळोज्याचे. पिढ्यान्‌पिढ्या रायगडातले मुसलमान, घरी कोकणी बोलणारे, धंदा ट्रकांचा. कळंबोलीत त्यांच्या पाच गाड्या लागत. सचोटीचा माणूस म्हणून नाव होतं.

नामाने ताटावरचा हात तसाच धरला. "न्हाय."

"बाबा, तू आयक तरी..."

"काय आयकू? सतरा मानसं माज्या मांडीवर मेली. सतरा! आनि तू मना सांगतंस मद्रासची लाइन."

"सगलेच मरतान कं? हजारो गाड्या जातान, येतान. तूच सांगतंस ना, कुठल्या कुठल्या गावाशी येतान ते. मना बी बगायची हान ती गावं."

गोजरा मध्ये पडली, "आवो, जेवू द्या त्याला," पण नामाचा तोल गेला होता. तो ताटावरून उठला.

"जायाचं तर जा. पन गाडी ठोकलीस तर मना तोंड दाखवू नको. सांगून ठेवतंय."

दिपेश गेला. पुढे सव्वा वर्ष बाप मुलाशी एक अक्षर बोलला नाही.

करीमशेठची गाडी बंदरातून माल भरून निघाली की नामाच्या तुकड्यावरूनच जायची. दिपेश तिथे वेग कमी करायचा, दोनदा हॉर्न द्यायचा. नामा खाली बघून खडी पसरत राहायचा. गाडी पार फाट्यापलीकडे गेली की मग मान वर करून बघायचा. बरोबरचे गँगवाले म्हणायचे, "नामादादा, एवढं कशाला? पोरगा हाय तुमचा."

दोन खेपांच्या मध्ये दिपेश घरी यायचा. आईसाठी कधी बेळगावचा कुंदा, कधी कृष्णगिरीचे आंबे, एकदा मद्रासची हिरवी साडी. चुलीपाशी बसून आईला सगळा रस्ता सांगायचा. "बाय, चित्रदुर्गाला निस्ते दगड हान. डोंगराव डोंगर, कोनी हातानं रचून ठेवल्यावानी. आनि माती कशी, लाल न्हाय, काली न्हाय, मधलीच." बाहेर ओटीवर नामा कोयत्याला धार लावत बसलेला असे. धार केव्हाच लागून झालेली असे. तिथली साइडपट्टी कशी आहे, मोऱ्यांना कठडे आहेत का, हे त्याला आत जाऊन विचारावंसं वाटायचं. पण आपण धरलेला अबोला आपणच कसा मोडायचा, असं म्हणून तो बसून राहायचा. पोरगं सुखरूप परत येतंय, आज ना उद्या बोलू, असंही मनात असायचं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत करीमशेठ स्वतः जासईला आले. सकाळचे अकरा वाजले होते. नामा रस्त्यावरच होता. करीमशेठ गाडीतून उतरले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली, तेव्हाच नामाने घमेलं खाली ठेवलं.

"नामादादा, चित्रदुर्गाजवळ..."

चुकी दिपेशची नव्हती. समोरून एक टँकर दुसऱ्या गाडीला मागे टाकत चुकीच्या बाजूला आला. दिपेशने गाडी डावीकडे घेतली ती साइडपट्टीवरून घसरली आणि मोरीच्या खाली कलंडली. बरोबरचा क्लीनर तापामुळे हुबळीलाच उतरला होता, त्यामुळे दिपेश एकटा होता. करीमशेठनी आपल्या माणसांना पाठवून, बर्फात ठेवून, दोन दिवसांनी त्याला जासईला आणलं. चोवीस वर्षांचा होता.

दहावं झालं, बारावं झालं. पाहुणे पांगले. गोजरा रडून रडून गप्प झाली होती. तेराव्या दिवशी तिने तोंड उघडलं ते एकच विचारायला.

"त्याच्याजवल कोन व्हता?"

नामाला हे माहीत नव्हतं.

"तुमी एवढ्या लोकांच्या जवल बसलाव," ती म्हणाली. "माज्या पोराजवल कोन बसला, ते मना सांगा. का एकटाच गेला तो?"

नामा तसाच उठून तळोज्याला करीमशेठकडे गेला. करीमशेठनी पोलिसांचे कागद काढले. त्यांत लिहिलं होतं की रस्त्यावर काम करणाऱ्या तिप्पेस्वामी नावाच्या मजुराने अपघात पाहिला, त्यानेच चालकाला बाहेर काढलं, आणि चालक तासाभराने जागीच वारला.

"रस्त्यावर काम करनारा म्हंजे? मैलकुली?" नामाने विचारलं.

"तसाच काहीतरी असेल."

"मना तिथं न्या, शेठ."

करीमशेठनी एकदाही 'कशाला' म्हटलं नाही. दोन दिवसांनी त्यांची एक गाडी बंगलोरला निघणार होती. त्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी नामा बसला आणि त्याच्या बाजूला स्वतः करीमशेठ.

नामा आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रस्त्याच्या पुढे जात होता. घाट चढून पुणं गेलं, सातारा गेला, कराड गेलं. त्याची नजर सारखी साइडपट्टीवर. जागोजागी त्याला खाकी शर्टातली, डोक्याला फडकं बांधलेली माणसं दिसत होती, फावडी घेतलेली, डांबराच्या पिंपाशी उभी. त्याला वाटायचं, हा माझ्यासारखाच. कागलला महाराष्ट्र संपला आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली. गोलगोल, एकमेकांत अडकलेली, त्याला एकही लागेना. दगडांचे माथे मात्र पिवळेच होते आणि त्यावर चारचा आकडा तोच होता. बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे. हीच नावं दिपेश चुलीपाशी बसून सांगायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कडेला दगडांचे डोंगर दिसायला लागले, खरंच हाताने रचून ठेवल्यासारखे. नामाने तोंड फिरवलं.

मोरी सापडायला वेळ लागला नाही. कठडा तुटलेला होता. पन्नास पावलांवर एक चहाचं हॉटेल होतं. त्याचा मालक पूर्वी इंदूरला राहिलेला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्याने एकाला पाठवून तिप्पेस्वामीला बोलावून आणलं.

तिप्पेस्वामी पन्नाशीचा, काळाशार, उंच. नामाने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांवर डांबराने भाजल्याचे तेच जुने पांढरे डाग होते. हॉटेलवाल्याने कानडीत सांगितलं, हा त्या मुलाचा बाप. तिप्पेस्वामी पुढे आला आणि त्याने नामाचे दोन्ही हात धरले.

मग तो सांगत गेला, हॉटेलवाला हिंदीत करत गेला आणि करीमशेठ नामाला समजावत गेले. गाडी कलंडली तेव्हा तिप्पेस्वामी मोरीतला गाळ काढत होता. त्याने आणि आणखी दोघांनी दार तोडून मुलाला बाहेर काढलं. दवाखान्याची गाडी यायला उशीर होता. त्याने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, फडक्याने वारा घातला. मुलगा शुद्धीवर होता. सारखं काहीतरी बोलत होता.

"काय बोलत होता?" करीमशेठनी विचारलं.

हॉटेलवाल्याने विचारून सांगितलं, "ये बोलता है, इसको समझा नहीं. अपनी भाषा में बोलता था. लेकिन वही वही बात, बार बार. इसको याद हो गया. ये रोज मन में बोल के रखा, कोई घरवाला आएगा तो बताने के वास्ते."

तिप्पेस्वामी नामासमोर उकिडवा बसला. त्याने डोळे मिटले, आणि लहान मूल पाठ म्हणतं तसं एकेक अक्षर सांभाळत म्हटलं,

"बापसाला... सांगू नोको... बापूस... रागवल."

शब्द कानडी माणसाच्या तोंडचे, पण बोली जासईची. नामाला वाटलं, दिपेशच समोर बसून बोलतोय. बापसाला सांगू नको, बापूस रागवेल. गाडी कलंडलेली, छाती चिरडलेली, आणि पोराला धास्ती होती ती बापाची.

करीमशेठना सगळं समजलं. ते तोंडावर हात घेऊन उठले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

तिप्पेस्वामीने डोळे उघडले होते. तो नामाच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होता. हॉटेलवाला म्हणाला, "पूछता है, क्या मतलब है? बरोबर बोला क्या?"

नामा सावकाश, ड्रायव्हरांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाला, "उसको बोलो, बरोबर बोला. लडका बोलता था, ये आदमी मेरे को पानी दिया, इसका भला हो."

हॉटेलवाल्याने ते कानडीत सांगितलं. तिप्पेस्वामीने कपाळाला हात लावला आणि रडायला लागला. इतके दिवस जपलेलं ओझं त्याने ज्याचं त्याला पोचतं केलं होतं.

नामाला बसवेना. तो मोरीकडे चालत गेला. डांबरावर तिप्पेस्वामीने पसरलेली वाळू अजून थोडी शिल्लक होती. साइडपट्टीवर गाडीच्या चाकांनी खणलेली चर तशीच होती, पुरुषभर लांबीची, खोल. नामाने तिप्पेस्वामीचं फावडं उचललं आणि कडेची माती चरीत लोटायला लागला. तिप्पेस्वामी मागून आला, घमेलं घेऊन खडी आणू लागला. दोघांनी मिळून चर भरली, पाणी शिंपडलं, धुम्मसने ठोकली. भाषेची गरज पडली नाही. काम झालं तेव्हा सूर्य डोंगरांच्या मागे चालला होता. करीमशेठ येऊन म्हणाले, "चला, नामादादा."

परतीच्या वाटेवर कोल्हापूरला जेवायला थांबले तेव्हा करीमशेठ म्हणाले, "वहिनींना काय सांगनार?"

नामा ताटावरून उठला आणि गाडीत जाऊन बसला.

घरी पोचला तर गोजरा दारातच उभी होती. पाय धुवायला तिने पाणी दिलं, आत आल्यावर पाट मांडला, आणि समोर बसली.

"व्हता," नामा म्हणाला. "त्याच्याजवल मानूस व्हता. माज्यासारकाच मैलकुली. डोकं मांडीवर घेऊन बसला व्हता. एकटा न्हवता तो."

गोजराने दीर्घ श्वास सोडला. डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "काय बोलला कं?"

नामा वाटभर ज्याची तयारी करत आला होता ते म्हणाला, "आई, आई करत व्हता. तुजंच नाव."

गोजराचा पदर खाली आला.

"तो मना आई कवा म्हनला?" ती हळूच म्हणाली. "बोलाया लागला तवापासून बायच म्हनतो. तुमाला म्हाईत न्हाय?"

नामाची मान खाली गेली.

"खरं सांगा."

मग त्याने सांगितलं. तिप्पेस्वामीने म्हटलं होतं तसंच, शब्दाला शब्द. दिपेशला आणलं त्या दिवशीही जो माणूस ताठ उभा होता तो चुलीसमोर जमिनीवर डोकं टेकून रडला. म्हणाला, "मी रागवलो नसतो गो. गाडीचं काय, गाडी गेली तर गेली. मी रागवलो नसतो."

"पन त्याला ते म्हाईत नव्हतं," गोजरा म्हणाली.

तिने त्याला दोष दिला तो एवढाच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मात्र पुढचे कित्येक महिने ती त्याला जेवायला वाढून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, आणि नामानेही कधी तिला 'इथं बस' म्हटलं नाही.

सत्त्याण्णव गेलं. रस्त्यावरची वाहतूक दुप्पट झाली. नामा कामावर जात राहिला. आता ड्रायव्हर थांबला तर तो 'कुठशी आलाव' विचारायचा नाही. "घरी फोन केलाव कं?" एवढंच विचारायचा. काहींना हसू यायचं, काही खरंच फाट्यावरच्या फोनच्या टपरीकडे जायचे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी जासईच्या मोरीजवळ एक ट्रक उभ्या ट्रेलरवर मागून आदळला. नामा तेव्हा गव्हाण फाट्याकडे होता, दूर. आवाज गावात ऐकू गेला. नामा धावत पोचला तर गर्दीच्या मध्ये, तापलेल्या डांबरावर, गोजरा बसलेली. आजवर ती अपघाताच्या जागी कधी फिरकली नव्हती. एक तरुण ड्रायव्हर तिच्या मांडीवर होता, कानात बाळी, मिशी नुकती आलेली. तो मारवाडीत काहीतरी पुटपुटत होता. तिला त्यातलं काही समजत नव्हतं. ती ओल्या पदराने त्याचं तोंड पुसत होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, "कोनी रागवनार न्हाय रं बाला. तुजा बापूस रागवनार न्हाय. उगा रे, उगा."

नामाने लाल झेंडी रोवली आणि तिच्याजवळ येऊन बसला. ती थोडी सरकली, त्याला जागा करून दिली. त्याने पोराचे पाय धरले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत दोघं तशीच बसून होती, दोन वर्षांत पहिल्यांदाच इतकी जवळ.

पोराला पनवेलला नेलं. तो वाचला की नाही ते पुढे कळलं नाही. नामाने दोनदा चौकशी केली, पण त्याला दुसरीकडे हलवलं होतं, आणि कुठे ते कोणाला सांगता आलं नाही. त्याचं नावही त्यांना कधी समजलं नाही. गाडी राजस्थानची होती, एवढंच.